आमच्या घरची उल्का

२०२२ साली गुढीपाडवा २ एप्रिलला आला होता. दुपारच्या श्रीखंडानं आणलेली सुस्ती उतरवायला आमच्या कॉलनीतली निम्मी मंडळी संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास गच्चीवर जमली होती. नागपुरात एप्रिल लागला की घरात बसणं आणि भट्टीत बसणं यात फक्त भाड्याचा फरक उरतो. गप्पा चालू असताना एकदम आकाशात ठिणग्यांची लांबलचक रांग दिसली. पुढे दोन-चार ठळक गोळे, मागे बारक्या ठिणग्या, त्यांना शेपट्या. एखादी वरात निघावी तशी ती रांग सावकाश, रमतगमत या टोकाकडून त्या टोकाकडे गेली.

"काका, हे काय?" दहा जणांनी एकदम विचारलं.

आमच्या कॉलनीत खात्यांची वाटणी झालेली आहे. पाण्याच्या टाकीचं खातं जोश्यांकडे, गणपतीची वर्गणी वानखेड्यांकडे आणि आकाश माझ्याकडे. का, ते पुढे येईलच. मी चष्मा सारखा केला आणि म्हणालो, "उल्का! मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यातून आलेली दिसते." जणू काही ती विदर्भ एक्स्प्रेसनं आली होती आणि मी तिला स्टेशनवर उतरवून घ्यायला गेलो होतो.

मग कळलं की चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात, सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. वजन चाळीसेक किलो. ते चिनी रॉकेटचे अवशेष असावेत, असं जाणकारांनी सांगितलं. पुढचे आठ दिवस मी जिन्यानं जाणंयेणं बंद करून लिफ्ट वापरली, तर लिफ्टमध्ये वानखेडे भेटले. म्हणाले, "काय हो, तुमची उल्का कारखान्यातली निघाली म्हणे!"

खरं म्हणजे मला ते त्याच वेळी कळायला हवं होतं. उल्केला सवड नसते. सेकंदाला किमान अकरा आणि कमाल सत्तरेक किलोमीटर असा तिचा वेग. 'ती बघ' म्हणून बोट वर करावं, तोवर खेळ खलास. रॉकेटचा भंगार माल मात्र पृथ्वीभोवतीच घिरट्या घालत असतो, तो त्या मानानं हळू येतो आणि बराच वेळ दिसतो. हे सगळं मी दहा वर्षांपूर्वी वहीत लिहून ठेवलेलं होतं. पण परीक्षेच्या वेळी वही जवळ नसते, हा माझा शाळेपासूनचा अनुभव आहे.

उल्केच्या बाबतीत तोंडघशी पडण्याची ही माझी दुसरी वेळ. पहिल्या वेळची हकिकत सांगायची तर आधी आमच्या देवघरात जायला हवं.

आमच्या देवघरात बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शंखाशेजारी घंटा आणि घंटेशेजारी एक दगड. काळा, मुठीएवढा, एका बाजूनं जरा चपटा. त्याला गंध, फूल, अक्षता सगळं व्हायचं. पाहुणे विचारायचे, "हा कुठला शाळिग्राम?" की आमचे वडील खुर्चीत सरसावून बसत. "शाळिग्राम नव्हे. उल्का. लोणारची."

वडील महालातल्या एका शाळेत भूगोल शिकवत. १९६४ साली त्यांनी मुलांची सहल बुलढाणा जिल्ह्यात लोणारला नेली. मी तेव्हा दहा वर्षांचा, मास्तरांचा मुलगा म्हणून फुकटात. ते तळं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी घाबरलो होतो, एवढं आठवतं. सपाट शेतातून चालत जावं आणि पायाखालची जमीन एकदम संपावी! खाली पावणेदोन किलोमीटरहून रुंद, गोल वाटीसारखा खड्डा, उतारावर झाडी आणि तळाला हिरवट पाणी. उतरून गेलो तर पाण्याचा असा वास, की मुलांनी आणलेले डबे तसेच परत नेले. गावातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी लवणासुराची गोष्ट सांगितली. विष्णूनं त्या दैत्याला मारलं, त्याचाच हा खड्डा, पाण्याला खारटपणा त्याचाच. गावात दैत्यसूदनाचं सुंदर देऊळ उभं आहे, म्हणजे पुराव्याचीही अडचण नाही. एवढं सगळं शतकानुशतकं नांदत असताना १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं लोणारचा 'शोध' लावला, असं पुस्तकात असतं. त्याच न्यायानं आमच्या सासुरवाडीचा शोध मी १९८१ साली लावला.

तर, त्या काळी लोणारबद्दल जाणकारांत दोन पक्ष होते. एक म्हणे हे ज्वालामुखीचं तोंड, दुसरा म्हणे आकाशातून काहीतरी येऊन आदळलं. वडील आकाशपक्षाचे. कारण विचारलं तर म्हणत, "काठावर उभं राहून बघा. हे आतून फुटलेलं नाही, बाहेरून मारलेलं आहे." शास्त्रात बसेल असा हा युक्तिवाद नव्हे, पण त्यांनी मुलांना वर्गात तसंच शिकवलं. एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी त्यांना मुलांसमोर अडवलं, "मास्तर, पुस्तकात ज्वालामुखी आहे." वडील म्हणाले, "पुस्तक लोणारला गेलं नव्हतं साहेब, मी गेलो होतो." त्या वर्षीच्या शेऱ्यात काय लिहिलं गेलं ते त्यांनी घरात कधी सांगितलं नाही. बढती मात्र चार वर्षं लांबली, हे आईकडून कळलं.

त्या सहलीतून तो दगड आला. सरोवराच्या काठावरून उचललेला, धोतराच्या सोग्यात बांधलेला. आईनं विचारलं, "हे कशाला?" वडील म्हणाले, "जमिनीवरची कुठलीही वस्तू याच्याएवढी लांबून आलेली नाही." आई मूळची यवतमाळची. तिला तेव्हा तेच लांब वाटायचं. पण तिनं दगड धुऊन देवघरात ठेवला.

आणि १९७३ साली वडील जिंकले! अमेरिकन आणि भारतीय शास्त्रज्ञांनी सरोवराच्या तळाला भोकं पाडून खालचा खडक वर काढला. त्यात मॅस्केलिनाइट नावाची काच मिळाली. ही काच ज्वालामुखीच्या धगीनं होत नाही; प्रचंड आघाताचा दाब खडकातून गेला तरच होते. लोणार म्हणजे काळ्या बेसॉल्ट खडकात उल्केनं पाडलेला खड्डा, हे 'सायन्स' या अमेरिकन साप्ताहिकात छापून आलं. वडिलांना बातमी कळली त्या दिवशी त्यांनी दगडाला दुधानं स्नान घातलं आणि आख्ख्या गल्लीत पेढे वाटले. पेढे कशाचे, हे गल्लीला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. बहुतेकांची समजूत अशी झाली की मला नोकरी लागली. प्रत्यक्षात मी त्या वर्षी बी. कॉम.ला गटांगळ्या खात होतो.

वडील १९९६ साली गेले. दगड राहिला.

आता २०१२. मे महिन्याची २२ तारीख, मंगळवार. दुपारी दोनच्या पुढे मी बँकेत काउंटरवर नोटा मोजत होतो आणि काटोलहून माझ्या साडभाऊंचा फोन आला. काटोल नागपूरपासून साठेक किलोमीटर, संत्र्यांचा मुलूख. साडभाऊंची तिथं दोनशे झाडांची बाग आहे.

"साडभाऊ, आकाश फुटलं!"

"म्हणजे?"

"तीनदा धाडधाड आवाज झाला. मले वाटलं, कुठं गॅसचा सिलिंडर उडाला. आता सारं गाव बोंबलून राह्यलं का वरून दगडं पडले. कोणाच्या छपराले भोक पडलं म्हणते. तुम्ही या लवकर. त्या दगडाले सोन्याच्या वर भाव हाय म्हणते!"

भावाचं मला काही नव्हतं, असं मी लिहिणार होतो. पण सौ. हा लेख वाचणार आहे. तेव्हा खरं लिहितो: भावाचं मला थोडंसं होतं. पण त्याहून जास्त वेगळंच होतं. आमच्या घरात अठ्ठेचाळीस वर्षं एक उल्का होती आणि खरी उल्का कशी दिसते हे मला ठाऊक नव्हतं.

रविवार उजाडेपर्यंत मी वाचनालयात बसून वही भरली. आकाशात चमकते तोवर उल्का. जमिनीवर पडली की तिला अशनी म्हणायचं. (लग्नापूर्वी आणि लग्नानंतर नाव बदलण्याची पद्धत तिकडेही आहे.) हवेतून येताना वरचा थर वितळतो आणि अंड्याच्या टरफलाएवढा पातळ काळा लेप चढतो. अंगावर कणकेत अंगठा दाबावा तसे खळगे असू शकतात. आतून बहुधा राखाडी, त्यात लोखंड आणि निकेलचे चमकते कण, म्हणून लोहचुंबकाला ओढ. हातात घेतला तर आकाराच्या मानानं जड. आणि अशनीला नाव मिळतं ते पडल्या जागेचं. १९३९ साली अकोला जिल्ह्यात अंदुऱ्याला पडला, तो जगभरच्या यादीत 'अंदुरा' म्हणून आहे. माणसं आयुष्यभर गावाचं नाव काढायचं म्हणून धडपडतात. दगड नुसता पडतो.

लोहचुंबकासाठी मी माळ्यावरचा मर्फी रेडिओ खाली काढून त्याच्या स्पीकरचं पोट फाडलं. सौ. म्हणाली, "तो रेडिओ दुरुस्त करणार होतात ना?" मी म्हणालो, "विज्ञानाला किंमत मोजावी लागते." ती म्हणाली, "मग येताना संत्री आणा." मे महिन्यात काटोलला संत्री नसतात, हे तिला तिच्या बहिणीनं सांगितलं नसेल असं नाही.

मे महिन्यातली संत्र्याची बाग पाहिलीय का आपण? मृग बहार धरायचा म्हणून झाडांचं पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. झाडं ताणावर, पानं मलूल, वर पंचेचाळीस अंशांचं ऊन आणि खाली भेगाळलेली काळी जमीन. डोक्याला उपरणं गुंडाळून, काठीच्या टोकाला दोऱ्यानं लोहचुंबक टांगून, मी आणि साडभाऊ सकाळी सातला निघालो. पुढे साडभाऊ, मागे मी, त्यामागे गावातली आठ-दहा पोरं. पोरांचा समज असा होता की आम्ही पाणाडे आहोत.

अंटार्क्टिकावर आजवर चाळीस हजारांहून जास्त अशनी मिळाले आहेत. मिळणारच! पांढऱ्याशुभ्र बर्फावर काळा दगड, तोही आजूबाजूला दुसरा दगड नसताना. यात शोधायचं काय, थंडी सोसली की झालं. आमच्याकडे काळ्या मातीत काळा दगड हुडकायचा, आणि तोही अशा मुलखात की जिथं देवापासून धोंड्यापर्यंत सगळं काळ्याच पाषाणाचं. शिवाय आमच्या या काळ्या पाषाणातही लोखंडाचं खनिज असतं. त्यामुळे लोहचुंबक जवळ नेला की तो प्रत्येक दगडापाशी किंचित मान हलवतो. होय म्हणत नाही, नाही म्हणत नाही. मला सारखी आमच्या बँकेच्या रिजनल ऑफिसची आठवण येत होती.

दुपारी बारापर्यंत आम्हाला पुढील वस्तू मिळाल्या: बैलाची नाल, नांगराच्या फाळाचा तुकडा, ट्रॅक्टरचा नट, सोड्याच्या बाटलीची तीन बिल्लं. 'गोल, काळे, चकचकीत' म्हणून साडभाऊंनी मोठ्या उत्साहानं गोळा केलेले दाणे शेळीचे निघाले. एवढं झाल्यावर पोरांतला सर्वांत लहान म्हणाला, "आबा, ते असली दगडं तर साहेब लोक कवाच घेऊन गेले."

तेही खरंच होतं. जिऑलॉजिकल सर्व्हेचं मोठं कार्यालय नागपुरात सेमिनरी हिल्सवर. तिथली माणसं आमच्या आधी येऊन गेली होती. तीसेक तुकडे गोळा झाले, सर्वांत मोठा किलोच्या आसपास. तो दगड आता 'काटोल' या नावानं जगाला माहीत आहे, आणि त्याचं वय आहे सुमारे साडेचारशे कोटी वर्षं. पुढे २०२१ साली खरगपूरच्या आय.आय.टी.तल्या संशोधकांनी त्यात ब्रिजमनाइट नावाचं खनिज असल्याचं प्रसिद्ध केलं. हे खनिज आपल्या पृथ्वीच्या पोटात विपुल आहे, पण सहाशे किलोमीटरच्याही खाली. तिथं कोण जाणार? ते काटोलला घरपोच आलं. साडभाऊंना मी हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आपल्या बागेत पडलं असतं तं काय झालं असतं!"

तरीपण मी रिकाम्या हातानं परतलो नाही. संशयास्पद असे अकरा दगड पिशवीत घालून एस.टी.नं आणले. कंडक्टरनं पिशवीचं अर्धं तिकीट मागितलं.

आमच्या ओळखीत एक निवृत्त भूवैज्ञानिक होते. त्यांच्याकडे अकरा दगड घेऊन जाताना मी देवघरातला बारावाही रुमालात गुंडाळून घेतला. आईला म्हटलं, "दाखवून आणतो." ती त्या वेळी एकोणऐंशी वर्षांची. पोथीवरून मान वर न करता म्हणाली, "कशाला?" मी गेलो.

साहेबांनी भिंग लावलं. पहिला: बेसॉल्ट. दुसरा: बेसॉल्ट. तिसरा: भट्टीतलं लोहकीट. चौथा: बेसॉल्ट. सातव्याला ते थांबले, माझा श्वास अडकला. ती भाजून काळी पडलेली वीट होती. अकरा झाल्यावर मी रुमाल सोडला. साहेबांनी त्यावरचं गंध पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि एकदम हळू बोलायला लागले. डॉक्टर रिपोर्ट हातात घेऊन खुर्ची पुढे ओढतात ना, तसं.

"हाही बेसॉल्टच. पण लोणारचा असेल तर बेसॉल्टच असणार. तिथला सगळा खडक तोच आहे. जी उल्का आदळली तिचा मुठीएवढा तुकडा आजवर कुणाला मिळालेला नाही. एवढ्या आघातात ती वितळली, वाफ झाली."

"म्हणजे वडील चुकले?"

"खड्ड्याच्या बाबतीत नाही. दगडाच्या बाबतीत म्हणाल तर, मार खाल्लेला दगड असू शकतो. आघाताच्या खुणा आहेत का ते बघता येईल. पण त्यासाठी कापावा लागेल. तीन-शतांश मिलिमीटर जाडीचा काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात."

मी दगडाकडे पाहिलं. बढतीची चार वर्षं त्याच्यावर गेलेली. "कापायचा नाही," मी म्हणालो.

"हरकत नाही." साहेबांनी दगड उलटा केला आणि भिंग चपट्या बाजूवर धरलं. "एक विचारू? याला चुना कुठं लागला?"

"चुना?"

"बांधकामाचा. इथं, बेचक्यात. वाळूसुद्धा आहे."

अंतराळात चुना असतो का, असं मी विचारणार होतो. बरं झालं नाही विचारलं.

घरी आलो. आई देवघरासमोर वाती वळत बसली होती. मी दगड जागेवर ठेवला.

"काय म्हणाले रे ते?"

"लोणारचा असू शकेल म्हणाले."

"नाही," आई म्हणाली. "महालातला आहे."

वात पुरी वळून तिनं ती तुपात ठेवली आणि मग सांगितलं. १९७१ सालची दिवाळी. घरात चुना मारायला माणसं लावलेली. देवघरातलं सगळं काढून ओसरीवर ठेवलं होतं. त्याच वेळी शेजारच्या वाड्याच्या कंपाउंडची भिंत बांधली जात होती आणि गवंड्यांनी दगडांचा ढीग आमच्या ओसरीला लागूनच टाकला होता. दुपारी आई देव परत मांडायला गेली तर बाळकृष्ण होता, अन्नपूर्णा होती, लोणार नव्हतं. गवंड्याला विचारलं, तो म्हणाला, "बाई, मी तर हाताले येईल ते लावत जातो." पाच वाजता वडील शाळेतून येणार. आईनं ढिगातून त्याच मापाचा एक उचलला, घासला, खोबरेल चोळलं, गंध लावलं आणि ठेवून दिला.

"त्यांनी ओळखला नाही?"

"आले, हात जोडले, आणि म्हणाले, 'चुना मारल्यावर बघ कसा उठून दिसतोय.'"

"मग नंतर तरी सांगायचंस!"

"सांगणार होते. पण सांगितलं असतं तर दुसरा आणायला पुन्हा लोणारला गेले असते. तुम्ही तिघं शिकत होतात, एस.टी.चं भाडं काय थोडं होतं? म्हटलं बढती होऊ दे, मग सांगू. बढती झाली आणि महिन्याभरात त्यांनी ते पेढे आणले." आईनं दुसरी वात घेतली. "मग कसं सांगतोस?"

मी दगडाकडे पाहत बसलो. चाळीस वर्षं पूजा झालेला, एकदा दुधानं न्हालेला, महालातला गिट्टीचा दगड. आईनं त्याच्यावर जास्वंदीचं फूल ठेवलं. "त्याचा काय दोष?" ती म्हणाली.

पुढच्या रविवारी सकाळी मी महालात गेलो. आमचं जुनं घर पडून तिथं तीन मजले झालेत, पण शेजारच्या वाड्याची भिंत उभी आहे. चाळीसेक फूट लांब, पुरुषभर उंच. मी पिशवीतून काठी काढली, दोरा सोडला आणि खालच्या ओळीपासून सुरुवात केली. लोहचुंबक प्रत्येक दगडापाशी किंचित मान हलवायचा. तिसऱ्या ओळीपर्यंत आलो असेन, एवढ्यात वरच्या खिडकीतून एक आजीबाई डोकावल्या.

"काय शोधून राह्यले भाऊ?"

"दगड," मी म्हणालो.

आजीबाईंनी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि आत वळून कुणाला तरी हाक मारली.

मी चौथी ओळ सुरू केली.